टाकीवरची नावं

पेट्रोलपंपावर बोट घेऊन रांगेत उभं राहायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली. साक्री तालुक्यात, भर श्रावणात, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी. पुढे दूधवाल्याची मोटारसायकल, मागे कांद्याचा टेम्पो आणि मध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बोट. बोटीत मी. मी जळगावला वीज कंपनीत हेडक्लार्क आहे, चार लोक मला साहेब म्हणतात. तर पंपावरचा माणूस नळी हातात घेऊन निर्विकारपणे म्हणाला, "बोटवाले, थोडं पुढे घ्या." जणू सकाळपासून त्याच्याकडे बोटीच येताहेत! टेम्पोवाल्याने खाली उतरून माझा व्हिडिओ काढला. तो अजून फिरतोय. आमच्या ऑफिसच्या शिपायाने मला तो दाखवला आणि वर विचारलं, "साहेब, हे तुमच्यासारखेच दिसतात ना?"

बोट माझी नाही. माझ्या सासरची आहे. धरण झालं तेव्हा सासरचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं गाव वरच्या माळावर बसलं. पण कानबाईला नवं गाव मंजूर नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. सासरी नियम असा, की कानबाईचा पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ बुडवून घरी आणायचा, आणि बुडवायचा तो जुन्या गावाच्याच पाण्यात. त्यासाठी सासऱ्यांनी, म्हणजे पुना आबांनी, एका बंद पडलेल्या बोटिंग क्लबातून ही बोट आणली होती. आबा गेले, मग बोटीची टाकी गेली. गंजून तिची चाळणी झाली, आणि दोन वर्षं कानबाई कालव्याच्या पाटचारीवर जाऊन परत येत होती.

एका संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांचं नाव भिकुबाई, पण सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही.

"पाव्हना, तेवढी बोट चालू करी द्या. मना दोन्ही पोरं एकच बोटमा बसाले जोयजेत."

मी नुसतं 'बघतो' म्हणालो. कारण दोन्ही पोरं, म्हणजे माझे मेहुणे, थोरला प्रेमराज आणि धाकटा रतिलाल, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीवरच्या मोटारीची पाळी कोणाची यावरून वाजलं होतं. लाइट रात्रीच येते म्हणून पाळीचा घोळ होतो, आणि लाइट रात्री येते म्हणून जबाबदार मी, या एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. आता धाकट्याने जाहीर केलं होतं, "बोट चालली तर यंदा एकत्र. नाहीतर ज्याची त्याची कानबाई आणि ज्याचे त्याचे रोट." आता हे रोट म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घेऊन एकत्र दळतात आणि त्याचा प्रसाद फक्त कुळातले खातात. ज्या दिवशी घराचे रोट वेगळे झाले, त्या दिवशी घर फुटलं. अक्कांना दुसरं काही नको होतं. हे गहू एका जात्यात पडायला हवे होते.

"अहो, तुम्ही हो म्हणा ना," माझी बायको दिपमाला म्हणाली. मी हो म्हणालो. टाकी बदलायची, त्यात काय एवढं? असं म्हणालो हो मी. या तोंडाने म्हणालो.

आमच्या कॉलनीत कोणतंही काम गुपचूप होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे तोताराम भाऊ पेपर मागायला आले आणि टाकीचा विषय घेऊन बसले. जळगावच्या माणसाला तुम्ही काहीही विचारा, उत्तर ठिबक सिंचनापासून सुरू होतं. "ठिबकची खताची टाकी बसवा. नळ्या, व्हॉल्व्ह, सगळं तयार मिळतं. माझ्या शालकाच्या केळीत दहा वर्षं झाली, हूं नाही की चूं नाही." मी म्हटलं, भाऊ, केळीला पेट्रोल देत नाहीत. ते म्हणाले, "द्रव तो द्रव." माणसाचा आत्मविश्वास असा असतो, की आपलं शिक्षण लटपटायला लागतं. मी त्यांचा एक रबरी वायसर रात्रभर पेट्रोलच्या वाटीत टाकून ठेवला. सकाळी तो फुगून वड्याएवढा झाला होता. मी तो तोताराम भाऊंना नेऊन दाखवला, तर म्हणाले, "बघा, किती घट्ट बसेल आता!"

तेवढ्यात माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. बोटीत नवी टाकी बसवायची म्हणजे परवानगी लागत असणारच. खरं सांगतो, मला कोणी विचारलं नव्हतं. मीच स्वतःच्या पायांनी धुळ्याला ऑफिसं हिंडलो. गाड्यांच्या ऑफिसात विचारलं, "चाकं किती?" चाकं नाहीत म्हटल्यावर खिडकीच बंद झाली. पाटबंधाऱ्यात सांगितलं, "पाणी आमचं आहे, पाण्यावरचं आमच्याकडे नाही." मत्स्यव्यवसायवाल्या साहेबांनी मात्र खुर्ची दिली. मासे किती धरता, म्हणाले. मी म्हटलं, धरत नाही, माळकरी आहे. "मग बोट कशाला पाहिजे?" असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, तो सूर अजून माझ्या कानात आहे. जन्मभर मी लोकांना 'पुढच्या टेबलावर विचारा' म्हणत आलो. त्या दिवशी मला कळेना, या धुळ्यात एवढी पुढची टेबलं आली कुठून!

मग एक रविवार गाठून मी सासरी गेलो. पुढच्या बाकाखालची जुनी टाकी काढायची होती. स्क्रू काढले, पट्ट्या काढल्या, प्रेमराजने खेचली, मी खेचली. टाकी हलली, वळली, पण बाहेर येईना. उभी करून बघितली, आडवी करून बघितली. अर्ध्या तासाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मटकन खाली बसलो. बोट बनवणाऱ्याने आधी टाकी ठेवली होती आणि मग तिच्याभोवती बोट बांधली होती! हे काय काम झालं? उद्या कोणी कपाट ठेवून त्याच्याभोवती घर बांधेल! शेवटी आबांच्या हौसेचा तो बाक करवतीने कापावा लागला. प्रत्येक खरखरीला अक्का ओट्यावरून "आरे देवा" म्हणत होत्या. रतिलाल दूरच्या बांधावर उभा राहून बघत होता. थोरला इकडे असल्यामुळे त्याला जवळ यायचं नव्हतं. तिथूनच त्याने मला फोन केला. "दाजी, करवत उलटी धरलीय, सांगा त्याला." मी सांगितलं. प्रेमराज म्हणाला, "त्याला सांगा, माहीत आहे मला." माणसं शंभर पावलांवर उभी आणि मध्ये मी, टेलिफोन खात्यासारखा.

नवी टाकी मी धुळ्याच्या छगनकडे टाकली. छगन कोठ्या करतो, पिंपं करतो आणि उन्हाळ्यात अख्ख्या धुळ्याचे कुलर करतो. इंटरनेटवर वाचून मी त्याला बजावलं, "ॲल्युमिनियमच पाहिजे, गंजायला नको." मापं मी दिपमालाच्या शिवणाच्या टेपने घेतली होती. छगनने टाकी केली मात्र नामी. पाणी भरून दोन दिवस ओट्यावर ठेवली, खाली जुना पेपर पसरला, पेपरवर टिपूससुद्धा नाही. मी त्या टाकीवर हात फिरवला तेव्हा मला खरोखर भरून आलं. तिथेच मी ती रिक्षात घातली असती, तर पुढचं काहीही झालं नसतं.

पण डोळे तपासायला अक्का त्या दिवशी धुळ्याला आल्या होत्या. त्यांनी टाकी चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "नाव कुठे शे?"

आता यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे साधं फुलपात्रसुद्धा नाव टाकल्याशिवाय घरात येत नाही. माझ्या लग्नातल्या पराती बघा, कोणी दिल्या, कोणत्या साली दिल्या, सगळं कोरलेलं आहे. देवळातले पंखे फिरताना वाचता येत नाहीत, तरी त्यांच्या पात्यांवर नावं असतात. आम्ही टाकी घेऊन भांड्याच्या दुकानी गेलो. नाव टाकणाऱ्याने छिन्नी आणि हातोडी काढली. आधी 'कै. पुना आबा यांच्या स्मरणार्थ'. मी प्रेमराजला सहज कळवलं. तो म्हणाला, "खाली माझं टाका, थोरला आहे मी." ते टाकेपर्यंत रतिलालचा फोन. त्याला कोणी सांगितलं देव जाणे. "त्याचं आहे तर माझं का नाही?" त्याचंही टाकलं. मग दोघांचं अक्षर सारखंच पाहिजे असा प्रेमराजचा फोन, आणि सारखं असेल तर ठळक पाहिजे असा रतिलालचा. अक्का त्या माणसाशेजारी स्टुलावर बसून होत्या. "चांगलं खोल टाक रे भो," म्हणाल्या, "मना पोरंस्नी नावं शेत. पुसाले नको." त्याने हातोडी जरा उंचावरून मारायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक.

सगळं झाल्यावर तो माणूस म्हणाला, "अजून कोणाचं?"

मी खाकरलो. ऑफिसं मी हिंडलो होतो. करवतीने माझ्या हाताला फोड आला होता. मी चष्मा पुसला आणि सहज उभं राहावं तसा टाकीच्या समोर येऊन उभा राहिलो. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बस. घरना बठ्ठा झायात."

घरचे सगळे झाले! मी टाकी उचलली. जावई रोट खात नाही, ते मी वर्षानुवर्षं गिळलं होतं. माझ्यासाठी वेगळा शिरा होतो आणि मी तो वेगळ्या खोलीत बसून खातो. पण टाकीवर जागा होती हो! डाव्या बाजूला चांगली वीतभर जागा कोरी होती. साक्रीच्या एसटीत ती कोरी जागा सारखी माझ्या डोळ्यांसमोर येत होती आणि शेजारची बाई मला विचारत होती, "कुलर केवढ्याला घेतला?"

टाकी बसली. सुटं पेट्रोल डब्यात देत नाहीत, "वाहन घेऊन या" म्हणाले, म्हणून ती पंपावरची शोभा झाली. टाकी भरून आणली. रविवारी कानबाई एकच बसली आणि गहूही एकत्र दळले. भाऊ मात्र एकमेकांकडे पाठ करून जेवले. सोमवारी सकाळी अख्खी गल्ली वाजतगाजत काठावर आली. बायका फुगड्या घालत होत्या. मी एखाद्या कार्यकारी अभियंत्यासारखा बोटीजवळ उभा होतो, आणि तेवढ्यात माझ्या सख्ख्या बायकोने टाकीवर हळदकुंकू वाहिलं आणि ताटात कापूर पेटवून म्हणाली, "नवीन टाकी आहे, आधी ओवाळून घेते."

मी पाहतो तर काय, टाकीच्या झाकणावर हातभर अंतरावरून ज्वाळा गोल फिरतेय! मी ताट हिसकावलं आणि कापरासकट पाण्यात भिरकावलं. सगळा ताशा थांबला. बायका तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. देवीची आरती जावयाने पाण्यात टाकली, ही बातमी माझ्यासमोरच काठावरून गावात गेली. "पेट्रोल आहे, पेट्रोल!" मी ओरडलो. "वास येत नाही का?" रतिलाल म्हणाला, "परवाच भरलंय, वास येणारच ना, दाजी." मला ते पटलं. हेच ते, हेच माझं चुकलं. पटायला नको होतं.

बोट लहान. नारळ मांडीवर घेऊन अक्का, त्यांच्याशेजारी दिपमाला, इंजिनापाशी प्रेमराज, टोकाला त्याच्याकडे पाठ करून रतिलाल आणि मध्ये मी. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. काठावर टाळ्या पडल्या. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. दोन्ही पोरं एका बोटीत होती. अक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जुन्या गावाची टेकडी समोर दिसायला लागली आणि इंजिन खोकलं. मग उचकी लागल्यासारखं झालं आणि बंद पडलं. प्रेमराजने दोरी ओढून ओढून हात दुखवून घेतला. मी बाकावरची फळी उचलली आणि माझे डोळे पांढरे झाले.

टाकी रिकामी होती. टाकीवरची नावं मात्र ओली होती. 'प्रेमराज'च्या प्रत्येक अक्षराखाली एकेक थेंब लोंबत होता, 'रतिलाल'खाली तर धार लागून सुकली होती. खोल टाकलेल्या नावांमधून छिन्नी आरपार गेली होती आणि सगळं पेट्रोल बोटीच्या तळाशी आमच्या पावलांखाली डुचमळत होतं. पाण्याची परीक्षा मी नावं टाकायच्या आधी घेतली होती! नावं टाकल्यावर टाकी तपासावी हे जगात कोणाला सुचेल? तुम्हाला सुचलं असतं?

"त्याच्या नावातून जास्त गळलं," प्रेमराज रतिलालला ऐकू जाईल असं मला म्हणाला.

"ठळक कोणी सांगितलं होतं, विचारा त्याला," रतिलाल म्हणाला. साफ खोटं. ठळक त्यानेच सांगितलं होतं!

मी दोघांवर ओरडणार, तेवढ्यात अक्कांनी पदर बाजूला केला. पदराआड, वारा लागू नये म्हणून अगदी जपून धरलेला, कानबाईचा दिवा होता. पेटलेला.

खाली पेट्रोल, वर दिवा आणि मध्ये आमचं अख्खं सासर. "अक्का," मी पाय बाकावर घेत म्हणालो, "दिवा. विझवा."

"कानबाईना दिवा विझाडतस का कोणी?" त्या शांतपणे म्हणाल्या.

"अक्का, आपण सगळे पेटू!"

त्यांनी खाली पाहिलं. वास त्यांनाही आला असावा. पळसाच्या पानाच्या द्रोणात तो दिवा ठेवला, वाकून पाण्यावर सोडला आणि हात जोडले. द्रोण डुलत डुलत लांब गेला. मी श्वास सोडला. मग वारा फिरला आणि द्रोण डुलत डुलत परत यायला लागला.

"वल्ही!" मी किंचाळलो. "वल्ही घ्या!"

वल्ही दोनच. एक प्रेमराजने घेतलं, एक रतिलालने. दोघे एका बाकावर, वर्षात पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून बसले आणि आपापल्या ताकदीने ओढायला लागले. थोरला जोरदार, धाकटा चपळ. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. दिवा डाव्या बाजूला दिसे, मग पाठीमागे, मग उजव्या बाजूला, आणि प्रत्येक फेरीत थोडा जवळ. दिपमाला माझा दंड धरून रडत होती. "दाजी, त्याला सांगा हळू मार!" "दाजी, त्याला म्हणावं जोर लाव!" अरे, मी कोणाकोणाला काय सांगू? मी नुसता त्या दिव्याकडे बघत होतो. तो आता इतका जवळ आला होता, की त्यातलं तूप दिसत होतं.

"रत्या!" प्रेमराज एकदम भावाकडे वळून ओरडला. "गाढवा, मनासंगे ओढ ना!"

"तू मोज ना मग!" रतिलाल ओरडला.

"एक!"

"हां!"

"एक!"

"हां!"

बोट सरळ झाली. बाणासारखी नाही, म्हशीसारखी, पण सरळ निघाली. दिवा मागे राहिला, लहान झाला, आणि एकच्या तालावर हां म्हणत ते दोघे टेकडीपर्यंत थांबलेच नाहीत. मी वळून अक्कांकडे पाहिलं. त्या नारळ छातीशी धरून घळाघळा रडत होत्या. वर्षभराने थोरल्याने धाकट्याला गाढव म्हटलं होतं, त्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

जुन्या गावाच्या पाण्यात नारळ बुडवला. परत येतानाही वल्हीच मारावी लागली. काठावर आल्यावर लोकांना एवढंच कळलं, की इंजिन बंद पडलं. कोणी विचारलं, टाकी कोणाची? नावं होती प्रेमराजची, रतिलालची आणि आबांची. पण सगळे एकमुखाने म्हणाले, "दाजीची." बघा न्याय! टाकी चांगली होती तोवर घरचे सगळे झाले होते, आणि गळल्यावर ती माझी झाली.

निघताना मी अक्कांना म्हटलं, छगनकडून डाग देऊन भोकं बुजवून आणतो. त्या म्हणाल्या, "नको, पाव्हना. ऱ्हाऊ द्या तशीच. पुढला सालबी वल्हानीच जाऊत." मी थक्क झालो. माझी एवढी पायपीट, तो वड्याएवढा वायसर, ती पुढची टेबलं! एसटीत मी धुळ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो.

पुढच्या आठवड्यात प्रेमराजचा फोन आला. मागून रतिलालचाही आवाज येत होता. दोघे एकाच फोनवर!

"दाजी, ती टाकी धुळ्याला नेली होती."

"कशाला?" मी घाबरून विचारलं.

"अक्काने नेली. म्हणे, घरचा एक माणूस राहून गेला. डाव्या बाजूला जागा होती ना, तिथे तुमचं नाव टाकून आणलं."

चष्मा काढावा लागला. दिपमाला स्वयंपाकघरातून बघत होती, म्हणून मी आवाज जरा कोरडा केला.

"खोल टाकलं का?"

"आरपार!" दोघे एकदम म्हणाले.